संधीची समानता: जागा राखून ठेवली की सरकार सुटलं का?

इंदोरा_एक्सप्रेस

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२३ ला हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यात निकाल दिला की प्रवेश देताना वंश हा निकष लावता येणार नाही. पुढच्याच वर्षी एमआयटीने आपले आकडे जाहीर केले. नव्या तुकडीत कृष्णवर्णीय विद्यार्थी ५ टक्के, त्याआधी ते साधारण १३ टक्के असायचे. आमच्या उत्तर नागपुरातल्या अभ्यासिकेत हा विषय निघाला आणि तेव्हापासून संध्याकाळी पुस्तकं बाजूला, वाद सुरू. स्पर्धा परीक्षेची पोरं आहेत, त्यांना वादाला निमित्त लागत नाही.

एक गट म्हणतो, तिकडे आरक्षण गेलं, उद्या इकडेही जाईल. दुसरा म्हणतो, आपल्याकडे राज्यघटनेतच आहे, कोण काढतो बघू. मला दोन्ही गटांशी भांडायचंय, म्हणून हा धागा.

अमेरिकेत कोटा नव्हताच. १९७८ च्या बाके खटल्यात तिथल्या न्यायालयाने ठरावीक जागा राखणं बेकायदा ठरवलं होतं. विद्यापीठाने अनेक गोष्टींपैकी एक म्हणून वंश पाहावा, एवढीच मुभा होती, ती २०२३ ला गेली. आपल्याकडे उलट. १९५१ च्या पहिल्याच घटनादुरुस्तीत मागासवर्गांसाठी खास तरतुदी करू देणारं कलम १५(४) आलं, कारण मद्रास प्रांतातला जातवार प्रवेशाचा आदेश न्यायालयाने रद्द केला होता. म्हणजे घटना लागू होऊन दीड वर्ष होत नाही तोच सरकारला ठरवावं लागलं की नुसतं 'सगळे समान' लिहून भागणार नाही.

कागदावर आपण अमेरिकेच्या पुष्कळ पुढे आहोत. माझं भांडण कागदाच्या पुढचं आहे. अभ्यासिकेत मी फॉर्म भरायला मदत करते. जागा मिळालेली मुलं मला रोज दिसतात. त्यांचं अडतं ते जागेनंतर. शिष्यवृत्ती परीक्षा संपल्यावर येते. वसतिगृहाची यादी लागते तेव्हा निम्मं सत्र उलटलेलं असतं. जातवैधता समितीकडून पत्र येतं की १९५० पूर्वीचा पुरावा आणा. ज्याच्या पणजोबाला शाळेच्या दारात उभं करत नव्हते, त्याच्याकडे पणजोबाचा शाळेचा दाखला मागायचा! मग कोतवाल बुकाची नक्कल शोधत तहसिलीत फेऱ्या. नोंद सापडली तर मोडीत, आणि मोडी वाचणारा सापडेपर्यंत प्रवेशाची मुदत संपायला येते.

माझं म्हणणं एवढंच: सरकारची जबाबदारी जागा राखण्यापाशी संपत नाही, तिथे सुरू होते. पैसा आणि कागद वेळेत पोचवणं म्हणजे मेहेरबानी नव्हे, तीच मूळ जबाबदारी. बोला.

कस्तुरी_७

वाचतेय. विषय चांगला आहे, धाग्याचं काश्मीर होऊ देऊ नका.

तर्कट

ताई, लेख चांगला आहे, पण गाडी नेहमीच्याच रुळावर. सरकारने संधी द्यावी, निकाल देऊ नये. परीक्षेचा हॉल सगळ्यांना एक, पेपर एक. त्यापुढे ज्याची त्याची मेहनत. आणि मदत करायचीच तर गरिबी बघून करा. आमच्या गल्लीत स्वयंपाकाची कामं करून मुलगा शिकवणाऱ्या एक जोशीकाकू आहेत. त्यांना सरकारने काय दिलं? जात बघून मदत म्हणजे जात जिवंत ठेवणं. अमेरिकेच्या कोर्टाला कळलं ते आपल्याला कधी कळणार?

झिरो_माईल

जोशीकाकूंच्या पोराला २०१९ पासून आर्थिक दुर्बल घटकाचं १० टक्के आरक्षण आहे भाऊ. १०३ वी घटनादुरुस्ती. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३ विरुद्ध २ ने ते उचलूनही धरलं.

आता गंमत पहा. त्या १० टक्क्यांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ८ लाख. अनुसूचित जातीच्या पोराला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी मर्यादा किती? अडीच लाख. बाप कुठं वॉचमन असला अन् आई धुणीभांडी करत असली, तरी दोघांचं मिळून अडीच लाखाच्या वर जाते. मग शिष्यवृत्ती गेली. आरक्षण आणि शिष्यवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला माहीत आहे, उगाच ते सांगायला येऊ नका. पण 'गरीब' कोणाला म्हणायचं याचे दोन हिशेब एकच सरकार करून राहिलं, एवढं तर दिसते ना?

तर्कट

उत्पन्नमर्यादा वाढवा, माझी ना नाही. मुद्दा जातीचा आहे. शहरात आज कोण जात विचारतो?

वैनगंगा

सर, मी विचारतो कोण ते सांगते. मी भंडारा जिल्ह्यातली. बारावीनंतर नागपूरला आले. पश्चिम नागपुरात खोली पाहायला गेलो, मी आणि मैत्रीण. घरमालकीण बाई फार चांगल्या बोलल्या, पाणी दिलं, भाडं ठरलं. मग म्हणाल्या, "पूर्ण नाव काय गं तुझं?" मी सांगितलं. त्या आत गेल्या. बाहेर आल्या त्या सांगतच, "अगं, माझ्या भाचीला हवीय म्हणे खोली." पाटी मात्र महिनाभर गेटवर लटकलेली होती, मी त्याच रस्त्याने क्लासला जायची.

कोणी शिवी दिली नाही, काही नाही. तक्रार तरी कशाची करणार?

शेवटी खोली मिळाली ती आपल्याच लोकांच्या वस्तीत, कॉलेजपासून लांब. वसतिगृहाच्या यादीत नाव नव्हतं म्हणून स्वाधार योजनेत अर्ज केला. नागपुरासाठी वर्षाला ६० हजार: ३२ जेवणाचे, २० राहण्याचे, ८ वरखर्चाचे. रक्कम वाईट नाही, खरं सांगते. फक्त ती आली परीक्षा झाल्यावर, मी गावी जाऊन धान कापत होते तेव्हा. वर्षभर मेसवाल्या काकूंनी वहीत लिहून जेवू घातलं. त्या वर्षीची माझी स्वाधार योजना म्हणजे मेसवाल्या काकूच. त्यांच्याकडे ना पोर्टल, ना अर्ज, ना त्रुटी.

कस्तुरी_७

वैनगंगा, "ना त्रुटी" 😀 काकूंना नमस्कार सांग.

इंदोरा_एक्सप्रेस

तर्कट, 'आज कोण विचारतो' याचं मोजमाप झालेलं आहे. आपल्या अमरावती जिल्ह्याचे अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकी समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावात. २००७ मध्ये निष्कर्ष आले. दलित नावाच्या अर्जाला पुढे बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दोन तृतीयांशाच्या आसपास, मुस्लिम नावाला तर एक तृतीयांश. बॉस्टन आणि शिकागोत अशीच तपासणी आधी झाली होती, २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे गोऱ्या वाटणाऱ्या नावांना ५० टक्के जास्त फोन आले.

हे अर्ज कागदी होते. गरिबी दिसतच नव्हती त्यात. दिसत होतं फक्त नाव. मग गरिबीचा निकष लावून हे कसं निस्तरायचं?

हडसनकाठचा

मूळचा धरमपेठचा, सध्या न्यू जर्सी. थोडं इथलं सांगतो, कारण 'अमेरिकेच्या कोर्टाला कळलं' हे वाक्य मला झोंबलं.

इथे वर्णभेद म्हटलं की लोकांना बसमधली वेगळी बाकं आठवतात. त्याहून खोल काम सरकारी कारकुनांनी केलं, तेही नकाशावर. १९३० च्या दशकात मंदीच्या काळात केंद्र सरकारच्या एका महामंडळाने दोनशेच्या वर शहरांचे नकाशे रंगवले: कुठे घरकर्ज देणं सुरक्षित, कुठे धोक्याचं. काळ्यांच्या वस्त्या लाल. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या गृहनिर्माण प्रशासनानेही काळ्या वस्त्यांमधल्या कर्जांना सरकारी हमी नाकारली. हमी नाही म्हणून बँक कर्ज देत नाही, कर्ज नाही म्हणून घर नाही.

महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी १९४४ चा कायदा आला: शिक्षण, घर, धंद्यासाठी मदत. कायद्यात वंशाचा उल्लेख नाही. पण अंमलबजावणी स्थानिक बँकांकडे आणि कार्यालयांकडे. १९४७ मध्ये मिसिसिपी राज्यात सैनिकांना हमीची तीन हजारांवर कर्जं मिळाली, त्यातली काळ्या सैनिकांना किती? दोन. दोनशे नव्हे, दोन.

मध्यमवर्गाची पुंजी म्हणजे घर. आणि इथल्या सरकारी शाळांचा बराच पैसा स्थानिक मालमत्ता करातून येतो. म्हणजे आजोबाला घरकर्ज नाकारलं, त्याची शिक्षा नातवाच्या शाळेला. माझी मुलं ज्या शाळेत जातात ती आणि काही मैलांवरच्या शहरातली शाळा, दोन्ही 'सरकारी'च. एकीत पोहण्याचा तलाव आहे.

१९६४ चा नागरी हक्क कायदा झाल्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन ४ जून १९६५ ला हॉवर्ड विद्यापीठात म्हणाले ते हेच: वर्षानुवर्षं साखळदंडात ठेवलेल्या माणसाला सोडवून शर्यतीच्या रेषेवर आणून उभं केलं आणि 'आता पळ' म्हटलं, याला न्याय म्हणत नाहीत. न्यायालयाने २०२३ ला रेषेवरची थोडी मदत काढली. नकाशे कोणी भरून दिले नाहीत.

सरकारने जे घडवलं ते सरकारनेच निस्तरायचं, असं माझं मत. बाजारावर सोडायला ते बाजाराने एकट्याने केलेलंच नव्हतं.

तर्कट

माहितीपूर्ण. पण तुमचाच मुद्दा तुमच्यावर उलटतो. अमेरिकेत सरकारने अन्याय केला म्हणून सरकारने भरपाई द्यावी, मान्य. आपल्याकडे स्वतंत्र भारताच्या सरकारने कोणते लाल नकाशे काढले? जात समाजाची. सरकार पहिल्या दिवसापासून त्याच्या विरोधात.

झिरो_माईल

नागपुरात बसून हा प्रश्न विचारता, म्हणून दोन उत्तरं नागपूरचीच देतो.

पहिलं. १४ ऑक्टोबर १९५६, दीक्षाभूमी. लाखो लोकांनी बाबासाहेबांबरोबर बौद्ध धम्म घेतला. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात अट होती की हिंदू असेल तोच अनुसूचित जातीचा, शीख त्यात १९५६ ला आले. म्हणजे दीक्षा घेतली त्या दिवसापासून माणूस केंद्राच्या यादीतून बाहेर. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्याने आपल्यापुरत्या सवलती सुरू ठेवल्या. पण केंद्राची नोकरी, राखीव मतदारसंघ? दुरुस्ती झाली १९९० ला. चौतीस वर्षं! माझे वडील डाकखात्याच्या परीक्षेला बसले तेव्हा घरात भांडण, की फॉर्मवर धर्म काय लिहायचा. आजोबा म्हणे, "लेका, नोकरीसाठी दीक्षा पुसतो का?" वडिलांनी 'बौद्ध' लिहिलं आणि खुल्या गटातून दोनदा नापास झाले. हा नकाशा नाही तर काय?

दुसरं. २३ नोव्हेंबर १९९४. हिवाळी अधिवेशन चालू होतं, गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनाकडे निघालेला. चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली, त्यात बायका-लेकरं किती! मागणी काय होती, तर यादीतल्या नोंदीचा अर्थ लावा आणि आम्हाला आदिवासी माना. २०१८ मध्ये नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. कोण बरोबर यात मी पडत नाही, तो कायद्याचा कीस आहे. पण यादी कोणाची? सरकारची. तिचा अर्थ लावायला पाव शतक कोणाला लागलं? आपण सीताबर्डीच्या उड्डाणपुलावरून गाडी हाकून राहिलो, त्या पुलाला शहीद गोवारींचं नाव आहे. पाटी वाचली आहे का कधी?

तर्कट

१९९० ची गोष्ट मला खरंच इतक्या तपशिलात माहीत नव्हती. तरीही म्हणतो: ही कालची झाली. आज सामाजिक न्याय खात्याला कोट्यवधी मिळतात. ते जातात कुठे? प्रश्न पैशाचा नाही, भ्रष्टाचाराचा आहे.

इंदोरा_एक्सप्रेस

जातात कुठे? चला, तेही पाहू. १९७९ पासून धोरण असं की लोकसंख्येत अनुसूचित जातींचं जेवढं प्रमाण, तेवढा हिस्सा विकास आराखड्यात त्यांच्यासाठी वेगळा काढायचा. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार ११.८ टक्के. हिस्सा वेगळा काढणं हे धोरण आहे, कायदा नाही. म्हणून पैसा कागदावर ठेवायचा आणि वर्षअखेरीस 'अखर्चित' म्हणून परत, किंवा दुसरीकडे. मे २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी आणि आदिवासी विभागाचे ३३५ कोटी वळवले गेले. त्यावर खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी दाखवली होती. विरोधक नव्हे, मंत्री!

तर्कट

त्या लाडक्या बहिणींत अनुसूचित जातीच्या बायका नाहीत? त्यांच्याच खात्यात गेले की.

इंदोरा_एक्सप्रेस

आहेत ना. पण जे सगळ्याच जातींच्या पात्र बायकांना मिळतंय, ते त्यांना त्यांच्याच राखीव हिश्शातून का? इतर बहिणींना सर्वसाधारण तिजोरीतून आणि माझ्या वस्तीतल्या बहिणीला तिच्या पोराच्या शिष्यवृत्तीच्या खात्यातून. वरून उपकार दोनदा मोजायचे.

आंध्रने २०१३ मध्ये या निधीला कायद्याचं कुंपण घातलं, त्याच वर्षी कर्नाटकानेही. कर्नाटकच्या कायद्यात पळवाट होती: सर्वांसाठीच्या कामाचा काही भाग या वर्गांवर झालेला खर्च 'मानायचा'. ती २०२३ मध्ये काढावी लागली. तरी तिथेही निधी वळवल्याच्या तक्रारी आहेतच, कायदा म्हणजे जादू नाही. पण कायदा असला की निदान जाब विचारायला पान क्रमांक असतो. आपल्याकडे मागणी जुनी, कायदा नाही.

निवृत्त_बाबू

नमस्कार. मी एका महाविद्यालयात शिष्यवृत्तीच्या टेबलावर बरीच वर्षं होतो. इथं सगळे वरून बोलून राहिले, मी खालून सांगतो.

पोराचा अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर भरला की आधी आमच्या टेबलावर येतो, मग प्राचार्य, मग जिल्ह्याचं समाजकल्याण कार्यालय. कुठंही 'त्रुटी' म्हणून परत येऊ शकतो. उत्पन्नाच्या दाखल्यावर वर्ष चुकलं, परत. गॅप सर्टिफिकेट नाही, परत. परत आल्याचा मेसेज जुन्या मोबाइल नंबरवर, तो नंबर पोराच्या मामाचा. दोन महिने गेले.

मंजूर झालं तरी नाटक संपत नाही. पैसा आधारला जोडलेल्या खात्यात पडतो, आणि आधारला सगळ्यात शेवटी जोडलं ते खातं धरतात. पोरानं मधल्या काळात सिमकार्ड घेताना दुकानदारानं मोबाइल बँकेचं खातं उघडून दिलं असलं तर पैसे तिकडे. पोराला पत्ताच नाही. माझ्यासमोर एक पोरगी रडली, पैसे आलेच नाही म्हणून. निघाले ते अशाच एका खात्यात, आठ महिन्यांपासून पडून.

२०२१ पासून केंद्राचा ६० टक्के वाटा वेगळा येतो, राज्याचा ४० वेगळा. दोन हप्ते, दोन तारखा. पहिला आला की पोरगा समजतो सगळे आले. त्यातली फी कॉलेजला सात दिवसांत भरायची असते, घरात कोणी आजारी पडलं तर ते पैसे तिथं जातात. मग कॉलेज टीसी अडवून धरते. शासनाचे आदेश आहेत की पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी फी मागू नये. आदेश माझ्या कपाटात होते. संस्थाचालक म्हणायचे, "बाबू, पगार आदेशावर करू का?" त्यांचंही पूर्ण खोटं नव्हतं, शासनाकडून फी यायची ती वर्ष-दोन वर्षांनी.

तर्कटभाऊ, यात लाच कोणीच खाल्ली नाही. तरी पोरगं बुडालं. म्हणून भ्रष्टाचार-भ्रष्टाचार करून हात झटकू नका. कार्यालयात पदं रिकामी, एका निरीक्षकाच्या नावावर ढीगभर कॉलेजं. माणसं भरणं ही पण सरकारचीच जबाबदारी.

हडसनकाठचा

बाबूजी, हे १९४४ च्या इथल्या कायद्यासारखंच झालं. शब्दांत खोट नाही, टेबलावर सगळं अडतंय.

अवांतर: मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीही १९४४ चीच. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी केंद्राने पैसे ठेवावेत म्हणून त्यांनी पाठपुरावा केला होता. स्वतः १९१३ ला बडोद्याच्या महिना साडेअकरा पौंडांवर न्यूयॉर्कला आले होते. वेळेवर पोचलेल्या पैशाचं मोल त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

कस्तुरी_७

कोल्हापूरची आहे म्हणून सांगते. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासांसाठी ५० टक्के जागा राखल्या हे सगळे सांगतात. त्याच्या आधीपासून ते वसतिगृहं काढत होते आणि पुढेही काढत राहिले, ते कोणी सांगत नाही. जागा ठेवायच्या तर राहायला-जेवायला घालावं लागेल हे त्यांना एका संस्थानाच्या तिजोरीवर कारभार करतानाही कळलं होतं.

वैनगंगा

मला एक विचारायचंय. उशीर होतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण किती होतो हे कोणाकडे लिहून आहे का? वर्तमानपत्रात 'शिष्यवृत्ती रखडली' एवढंच येतं.

इंदोरा_एक्सप्रेस

हा प्रश्न वीस प्रतिसादांपेक्षा भारी आहे. माहिती अधिकारात विचारू या. नागपूर जिल्हा, गेली तीन शैक्षणिक वर्षं, प्रत्येक अर्जाची मंजुरीची तारीख आणि पैसे जमा झाल्याची तारीख. नावं नकोत, नुसत्या तारखा. शिवाय रिक्त पदं किती, अखर्चित निधी किती, वसतिगृहांच्या याद्या कधी लागल्या, स्वाधारचे किती अर्ज नाकारले आणि का. मसुदा मी आज रात्री टाकते.

तर्कट

तारखा आल्या तर मला नक्की बघायच्या आहेत. जातीच्या निकषाबद्दल माझं मत तेच आहे. पण पैसे मंजूर करून न देणं हे कुठल्याच बाजूने समर्थनीय नाही. अर्जाचे दहा रुपये माझे.

झिरो_माईल

दहा रुपयांत सामाजिक न्याय 😀 चला, नोंद घेतली.

निवृत्त_बाबू

ताई, थांबा. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. तुम्ही पाच विषय सांगितले, पहिल्याच टेबलावर परत येईल. पाच वेगळे अर्ज करा. तारखांचा पहिला टाका, 'अर्जांची यादी' म्हणू नका, 'देयकनिहाय तपशील' म्हणा, नाहीतर वैयक्तिक माहिती आहे म्हणून नाकारतील. तर्कटभाऊ, म्हणजे पन्नास रुपये झाले.